पारबतामावशींच्या गव्हातला खडा

दिग्रसला पारबतामावशींच्या घरी पाहुणा आला, की पाण्याचा तांब्या पुढे यायच्या आधी त्याच्या पिशवीची झडती होई. पिशवीत दाणागोटा निघाला, तर ती दोन बोटांच्या चिमटीत धरून मावशी अंगणाच्या पार टोकाला नेत, सगळं सुपात ओतत, सूप उन्हात ठेवत आणि त्याच्यासमोर पाट टाकून बसत. एकदा त्यांचा सख्खा भाऊ माहेरचे मूग घेऊन आला.

"आपल्या घरच्या शेतातले हायेत वं," तो बिचारा म्हणाला.

"शेत आपलं हाये. किडा थोडाच नातं पाह्यते?"

मूग त्या दिवशी ओसरीवरच राहिले, आणि मुगांचा अपमान वाटू नये म्हणून की काय, भाऊही ओसरीवरच झोपला.

आम्ही सत्तावन्न साली दिग्रसला गेलो. आमच्या ह्यांना तिथल्या एका कापसाच्या जिनात कारकुनी मिळाली होती, आणि राहायला मिळाल्या पारबतामावशींच्या घराच्या उजव्या अंगाच्या दोन खोल्या. सामानाची बैलगाडी दारात थांबते न थांबते तोच मावशी हजर. पन्नाशीच्या, उंच, काटकुळ्या, लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या डब्यांकडे बोट करून म्हणाल्या, "यात काय हाये?"

"तुरीची डाळ."

झाकण उघडून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. ढवळला, बाहेर काढला, उजेडात धरून पाहिला.

"कुठची?"

"वर्ध्याची. माझ्या माहेरची."

"वर्ध्याकडचा टोका किडा बारीक असते. दिसत नाही. पन असते."

मला असा राग आला म्हणता! लग्नाला वर्ष झालेलं, आईने निवडून, पाखडून दिलेली डाळ, आणि ही बाई उंबऱ्यात उभी राहून माझ्या माहेरात टोके काढते! बैलगाडी वळवावी आणि आल्या पावली परत जावं असं वाटलं. तेवढ्यात मावशी आपल्या घरात गेल्या आणि एरंडेलाची वाटी घेऊन आल्या. माझ्या स्वयंपाकघरात फतकल मारून बसल्या आणि ती सगळी डाळ दुपारभर दोन्ही हातांनी चोळत राहिल्या. दाण्यादाण्याला तेल लागलं पाहिजे, नुसतं वरून शिंपडून भागत नाही, हे मला तेव्हा कळलं. जाताना म्हणाल्या, "आता वर्ध्याची असो का काशीची, भेव नाही." त्या डाळीत पुढे एक टोका निघाला नाही. राग मात्र माझा थोडे दिवस टिकला.

त्यांच्या घराचा जीव म्हणजे कोठीची खोली. स्वयंपाकघराच्या मागे, बिनखिडकीची, वर एक झरोका आणि त्याला बारीक जाळी. आत शेणामातीने लिंपलेल्या बांबूच्या कणग्या, पुरुषभर उंच. एकीत ज्वारी, एकीत तूर, आणि भिंतीला लागून मावशींची लाडकी, बन्सी गव्हाची कणगी. वरून भरायचं आणि तळाच्या भोकातून काढायचं. भोकाला चिंध्यांचा बोळा. ज्वारीत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, मुगा-चवळीत गोवऱ्यांची चाळलेली राख, तुरीत बिब्बे. बिब्बे बाजारातले चालत नसत. झरीकडच्या जंगलातून एक कोलाम आदिवासी बाई वर्षातून एकदा येई, तिचेच पाहिजेत. फडताळाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंगीने चढू नये म्हणून, आणि पाण्यावर रॉकेलचा थेंब, मुंगीने पोहू नये म्हणून. भिंतीवर दोन पाली होत्या. त्यांना हाकलायची कोणाची टाप नव्हती. "चौकीदार हायेत माहे," मावशी म्हणत. "पगार नाही, सुट्टी नाही, आन पाखरू दिसलं का सोडत नाहीत."

या खोलीत शिरायचं तर पाय धुवायचे, पुसायचे, आणि मग उंबऱ्यावर उभं राहून ते वाळेपर्यंत थांबायचं. मी एकदा घाईत तशीच शिरायला गेले, तर आडवा हात!

"थांब! पाय पाह्य आधी."

"पुसले की मावशी."

"पुसले, पन वाळले नाहीत. ओल म्हणजे सोंडा किड्याचं माहेर. तू आत ओल नेशीन, आन तो बायको-पोरं घेऊन येईन."

या सगळ्या बंदोबस्ताचं फळ काय, तर त्या घरात शिळं अन्न कोणी खाल्लं नाही आणि ताजं धान्यही कोणी खाल्लं नाही. नियम असा की जुनं संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. जुनं संपेपर्यंत नवं जुनं झालेलं असे. मावशींचे यजमान गणपतराव, गरीब स्वभावाचे, बोलायच्या आधी दोनदा खाकरणारे. ते एकदा आमच्या ह्यांना म्हणाले, "बाबूजी, चांगली वीस एकर ज्वारी पेरतो मी, पन नव्या ज्वारीची भाकर मले पाहुणा गेलो तवाच भेटते. हुरडा तेवढा वावरातच खाऊन घेतो. तो कोठीत जात नाही ना!"

पण नुसतं हसून सोडावं अशी ती बाई नव्हती. पावसाळा लागला की गल्लीतल्या निम्म्या बाया आपापल्या डाळी पदराखाली घेऊन मावशींकडे येत. मावशी आधी बोलणी ऐकवत. "नवऱ्याले पाह्यतं तसं दाळीकडंही पाह्यत जाय कधी!" मग शिव्या देत देतच निवडून, उन्हं दाखवून, राख लावून परत करत. आणि उन्हातून आणलेलं धान्य ऊन ऊन भरू देत नसत. "घाम फुटते त्याले. मानसाले फुटते तसाच." अडल्या-नडल्या घरात बाळंतपण निघालं, तर मावशींच्या कोठीतले गहू न मागता तिथे पोचत. फक्त भांडं त्या बाईचं चालत नसे. भांडं मावशींचंच जाई आणि तेही घासून, वाळवून परत यावं लागे.

इतकी बाई हुशार, आणि पोराच्या लग्नात मात्र तिने असा काही घोळ घालून ठेवला होता की बोलायची सोय नाही.

वसंता हा मावशींचा एकुलता एक मुलगा. पोरगा देखणा, कष्टाळू, सुपारीचंही व्यसन नाही. सोयरिकी घरी चालून येत. पण मुलगी पाहायला गेलं की मावशी पोरीकडे कमी आणि घराच्या कोपऱ्यांकडे जास्त पाहत. चहा झाला की "जरा पानी पिऊन येतो" म्हणून आत स्वयंपाकघरात शिरत. पाणी पिताना एक हात मोकळा राही, आणि तो मोकळा हात कुठल्या ना कुठल्या डब्यात जाई. दारव्ह्याची पोरगी पिठातल्या जाळीमुळे गेली. नेरच्या घरात किडा सापडला नाही, पण चाळणी जमिनीवर पडलेली दिसली. "चाळणी खाली ठेवणारी बाई," मावशी म्हणाल्या, "तिथं किडा आज नाही, तं उद्या येईन." आर्णीच्या मुलीचा बाप जरा बोलका होता. मावशींचा हात डब्यात पाहून तो हसत म्हणाला, "बाई, किडा तं साऱ्याईच्याच घरी असते." मावशींनी कप होता तसा खाली ठेवला आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पदर पुढे ओढला की गणपतरावांनी उठायचं, ही त्यांची आपसातली खूण होती. गणपतरावांच्या तोंडात चिवडा होता, तो तसाच घेऊन ते उठले.

नकार द्यायचा असला तरी एक गोष्ट मावशी चुकवत नसत. निघताना पोरीला कुंकू लावायचं आणि तिच्या ओंजळीत आपल्या कोठीतले मूठभर बन्सी गहू द्यायचे. शकुनाचे म्हणे. ही रीत ना त्यांच्या जातीत होती, ना गावात. ती मावशींनीच पाडलेली. गहू कसा असावा, हे त्या घराने एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं, एवढाच त्यातला शकुन.

धान्यात बिब्बा टाकला की किडा पळतो. सोयरिकीत टाकला की सून पळते, हे मावशींना सांगणार कोण? हळूहळू सांगून येणं बंद झालं. गावात बाया म्हणू लागल्या, पारबताला सून नको, चाळणी पाहिजे. वसंताची सत्ताविशी उलटली. त्याच्या बरोबरीच्या पोरांची पोरं शाळेत जायला लागली.

वसंता बोलत नसे, पण बोलला की एकदाच. पुसदला एका लग्नात त्याने उमरखेडची एक मुलगी पाहिली होती, कुसुम नाव. घर साधं, जेमतेम शेतीचं. मध्यस्थाकरवी निरोप आला, तेव्हा त्याने आईला माझ्यादेखतच सांगितलं, "माय, ही पाह्य. ही नाही झाली, तं मी पुन्हा पोरगी पाह्यत नाही. मंग तू आन तुही कोठी."

मावशी हसल्या. "पोट्टा तापला," म्हणाल्या. पण संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "सुमन, तुले वाटते मले सून नोको हाये?"

मी म्हटलं, "वाटत नाही. दिसतं मात्र तसंच."

"माही माय होती ना," त्या म्हणाल्या, "लय गरिबी. मालकाच्या घरची उरलीसुरली ज्वारी भेटे, पोखरलेली. माय पीठ चाळे. चाळणीत जास्त राह्यते का परातीत, सांगता येत नव्हतं. आन आमी खात होतो. गोड लागे, भूक असली का. आता माह्या घरात तो किडा दिसला का मले माय दिसते, परातीपुढं बसलेली." डोळ्यांना पदर लावला आणि लगेच उठून गेल्या. त्यानंतर त्यांनी डब्यांत हात घातल्याचा मला राग कधी आला नाही.

आता त्या वर्षीच्या पावसाळ्यात काय झालं होतं, ते सांगायला हवं. मलेरियाची फवारणी करणारी माणसं गावात आली होती. खांद्याला पंप, पांढरट औषध, घराघराच्या भिंती फवारून दारावर गेरूने खूण करायची. मावशींनी सगळं घर मोकळं करून दिलं आणि स्वतः कोठीच्या दारात जाऊन बसल्या.

"मावशी, ही खोली राह्यली," त्यांचा मुकादम म्हणाला.

"राहू दे."

"सरकारचा हुकूम हाये."

"सरकार जेवाले येते काय माह्या घरी? तुहं औषध माह्या दाण्यात जाईन. माह्या पाली मरतीन."

पालींसाठी सरकारला अडवणारी बाई त्याने पाहिली नसावी. तो डोकं खाजवत निघून गेला. पण मावशींच्या मनात धास्ती बसली. बाकी घरात फवारलेलं औषध वासाने कोठीत शिरेल! त्यांनी शेण आणि माती भिजवली आणि कोठीच्या दाराच्या फटी, झरोका, सगळं थापून बंद करून टाकलं. दारावर ओल्या गोणपाटाचे पडदे सोडले, ते वाळले की पुन्हा पाणी मारायचं. बाहेर श्रावणाची झड लागलेली. घरातला औषधाचा वास जाईपर्यंत कोठी तशीच बंद.

"अवं पारबते," गणपतराव दोनदा खाकरून म्हणाले, "ओल होईन ना आत."

"तुमाले काय समजते त्यातलं?"

आयुष्यभर पोरीबाळींचे पाय पुसून घेणाऱ्या बाईने आपल्याच हाताने आपली कोठी ओल्या मातीने लिंपून बंद केली. सोंड्याला माहेरचं बोलावणंच म्हणायचं. पण त्यांना तेव्हा फक्त औषध दिसत होतं. उघडली तेव्हा आत कुबट वास आला. ज्वारी आणि तूर त्यांनी ऊन पडताच काढून वाळवली. बन्सीची कणगी तेवढी राहिली. तिच्यावर मावशींचा स्वतःपेक्षा जास्त भरवसा होता.

थंडी पडल्यावर आम्ही उमरखेडला निघालो. मावशी, गणपतराव आणि त्यांचे चुलतभाऊ असे तिघे होत होते, म्हणून चौथी मी. तीन तिगाडा काम बिगाडा, यावर मावशींचा विश्वास होता, जणू आतापर्यंतची कामं तिगाड्यानेच बिघडली होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी कणगीचा बोळा काढून गहू घेतले, माझ्यासमोर पाखडले, निवडले आणि पितळी डब्यात भरले. एक फुटका दाणा दिसत नव्हता. निघताना वसंता दारात उभा होता. आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, माय पानी प्याले उठली का तिले बसवजो." मी मान हलवली. पारबतामावशींना बसवणं काय माझ्या हातात होतं!

पुसदवरून एसटीने उमरखेडला पोचेस्तोवर ऊन चांगलं चढलं होतं. मावशींनी डबा सगळ्या वाटेने मांडीवर धरलेला. मुलीचं घर लहान, पण सारवलेलं, नीटनेटकं. कुसुम चहा घेऊन आली. सावळी, जरा ठेंगणी, डोळे मोठे आणि अगदी शांत. मला ती पाहताक्षणी आवडली. गणपतरावांनाही आवडली, कारण त्यांनी न खाकरता तिचं नाव विचारलं. चहा झाला आणि मावशी म्हणाल्या, "जरा पानी पिऊन येतो."

मी त्यांचा पदर धरला. "मावशी, पाणी इथेच मागवते ना."

"माह्या हातानं पेतो," असं म्हणून त्या आत गेल्यासुद्धा.

परत आल्या तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं. नाकपुड्या फुगलेल्या. माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ज्वारीच्या पिठात सोंडे हायेत. दोन पाह्यले." दारात उभा राहिलेला वसंता डोळ्यांपुढे आला. मावशींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. गणपतरावांनी तो पाहिला आणि पहिल्यांदाच न पाहिल्यासारखं करून ते छताकडे बघत बसले. मुलीचे आईवडील आशेने आमच्या तोंडांकडे पाहत होते. त्यांना खुणेचं काय माहीत? तरी मावशी उठल्याच.

पण गहू दाखवल्याशिवाय जायचं कसं? मावशींनी कुसुमला समोर पाटावर बसवलं, कुंकू लावलं, डबा उघडला. तिने ओंजळ पुढे केली. मावशींनी मूठ भरून गहू तिच्या ओंजळीत सोडले. काय ते दाणे, लांबट, पिवळेधमक! मी तिच्या शेजारीच बसले होते. सगळे गव्हाकडे पाहत होते आणि मावशी सगळ्यांकडे पाहत होत्या.

आणि त्या पिवळ्याधमक दाण्यांतून एक सोंडा वर आला.

किडा दाण्याच्या आत वाढतो आणि आपल्या सवडीने बाहेर पडतो. दिग्रसला मावशी डोळे फाडून निवडत होत्या तेव्हा त्याला सवड झाली नव्हती. ती त्याने एसटीत, मांडीवरच्या डब्याच्या उबेत काढली असणार. ढिगावर चढून, सोंड हलवत, घर कसं काय आहे ते पाहत तो उभा राहिला. आता ही पोरगी किंचाळणार, गहू टाकणार, आणि मावशी तिथेच मरणार!

कुसुमने पाहिला. तिने मान वर केली नाही. ओंजळीतला उजवा अंगठा तेवढा आत वाकवला, सोंड्यावर ठेवला आणि दाबला.

"काय वं? काय झालं?" तिच्या आईने विचारलं.

"काही नाही माय. खडा होता."

एरवी कोणी मावशींच्या गव्हात खडा काढला असता, तर त्या घराची सात पिढ्यांची चाळण झाली असती. त्या दिवशी मावशी डबा धरून नुसत्या उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं की नाही? मला सांगता येईना. त्यांची नजर त्या काळी घारीची होती. पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग त्या हळूच खाली बसल्या. डोक्यावरचा पदर मागे सारला, आणि मुलीच्या बापाला म्हणाल्या, "तारीख केवाची धरता?"

गणपतरावांना ठसकाच लागला. एसटीत बसल्यावर त्यांनी भीत भीत विचारलं, "अवं, आन त्याईच्या पिठातले सोंडे?"

मावशी खिडकीबाहेर पाहत होत्या. "किडा तं साऱ्याईच्याच घरी असते," त्या म्हणाल्या.

आर्णीचा तो बाप हे ऐकायला तिथे हवा होता.

घरी आल्यावर वसंताला बातमी मी सांगितली, कारण मावशी सरळ कोठीत शिरल्या होत्या. प्रवासाच्या धुळीचे पाय, न धुतलेले! दुसऱ्या दिवशी सकाळीच बन्सीची सगळी कणगी अंगणात ओतलेली. गल्लीतल्या बायांनी विचारलं, तर म्हणाल्या, "लग्नाचे गहू हायेत. ऊन दाखवून राह्यलो." त्या गव्हात किती सोंडे होते, ते त्यांनी कोणाला जवळ येऊन पाहू दिलं नाही. मलाही नाही. मीही गेले नाही.

कुसुम सून होऊन आली आणि गल्ली श्वास रोखून बसली. आता रोज महाभारत होणार, अशी बायांची खात्री. पण काहीच होईना. एकदा कुसुम धुणं टाकून तशीच ओल्या पायांनी कोठीत शिरली. मी तिथेच होते. मनात म्हटलं, झालं! मावशींनी तिच्या ओल्या पावलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "जपून वं, घसरशीन." मला तोवर असं कधी म्हणाल्या नव्हत्या.

कुसुमही गरीब स्वभावाची होती असं नाही. फार काही न बोलता तिने घरात हवं ते केलं. दुसऱ्याच वर्षी नव्या ज्वारीची भाकर गणपतरावांच्या ताटात आली. ते भाकरीकडे पाहत राहिले, मग सुनेकडे, मग बायकोकडे. मावशी म्हणाल्या, "खा ना. पाह्यता काय?" म्हातारा डोळे पुसत जेवला. मावशी कधी आपल्या गव्हाची फार तारीफ करायला लागल्या, की कुसुम आपल्या शांत डोळ्यांनी एकदा त्यांच्याकडे पाही आणि पुन्हा कामाला लागे. मावशी तिथल्या तिथे विषय बदलत. त्या पोरीने उमरखेडची गोष्ट ना नवऱ्याला सांगितली, ना माहेरी. मला तरी कुठे म्हणाली! मावशींना ठाऊक आहे की नाही, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

पुढे आमच्या ह्यांना यवतमाळला काम मिळालं आणि आम्ही दिग्रस सोडलं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका लग्नाच्या निमित्ताने मी तिकडे गेले. गणपतराव वारले होते. अंगणात सकाळच्या उन्हात मावशी सूप घेऊन गहू निवडत बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"सुमन? पिशवीत काय आनलं?"

"काही नाही मावशी, केळी आहेत."

"मंग ये."

मी शेजारी बसले. बोटांनी त्या दाणे सारत होत्या, सवयीने, भराभर, आणि दिसत मात्र काही नव्हतं. कुसुम मागून चहा घेऊन आली, कप माझ्या हातात दिला आणि सासूच्या खांद्यावरून सुपात पाहिलं. मीही पाहिलं. गव्हावरून एक सोंडा निवांत चालला होता. कुसुमचा हात हळूच सुपात उतरला आणि अंगठा टेकला. तोच अंगठा!

"काय होतं वं?" मावशींनी विचारलं. सूप हाललेलं त्यांना कळलं होतं.

"काही नाही आत्याबाई. खडा होता."

मावशींचे हात थांबले. मग म्हणाल्या, "तुले खडे लय सापडतात, कुसुम. उमरखेडलेही एक सापडला होता."

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. मी कप खाली ठेवला. इतकी वर्षं! इतकी वर्षं या बाईने ते पोटात ठेवलं होतं.

"हो आत्याबाई," कुसुम म्हणाली.

मावशींनी चाचपडत तिचा हात शोधला, अंगठ्यावरून बोट फिरवलं, आणि मांडीवरचं सूप उचलून तिच्या हातात दिलं. त्या घरात मावशींनी आपलं सूप दुसऱ्याच्या हाती दिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"धर," त्या म्हणाल्या. "आन नीट चिरडला ना?"

"चिरडला आत्याबाई."

"मंग बरं," म्हणून मावशींनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि केळी मागितली.